किलबिलमधली दोन नावं

माझ्या लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन बाबा लातूरच्या छापखान्यातून निलंग्याला आले आणि घरात भांडणाला तोंड फुटलं.

आमच्याकडे पत्रिकेत अगदी खाली घरातल्या पोराटोरांची नावं छापतात. वर 'किलबिल' असं लिहायचं आणि नावांखाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' ज्यांना स्वतःचा शेंबूड पुसता येत नाही, त्यांच्या तोंडी हा आग्रह. त्या ओळीत आईला माझ्या बहीणभावाची नावं हवी होती. दोघंही माझ्यापेक्षा मोठी. बहीण नऊ वर्षांची आणि भाऊ सहाचा असताना ती एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीवर गेली, ती परत आलीच नाहीत. मी तेव्हा तापानं फणफणून आईच्या मांडीवर पडले होते. रसवंतीवाला म्हणाला, पोरं रस पिऊन गेली. कुठं गेली, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

पोलीस झाले, देवऋषी झाले, पेपरात फोटो झाले. कुणीतरी सांगावं, नांदेड स्टेशनवर अशीच दोन पोरं दिसली. बाबा निघाले नांदेडला. कुणी म्हणावं, बिलोलीच्या बाजारात, बाबा बिलोलीला. दर वेळी ती दुसऱ्याचीच पोरं निघायची. मला या सांगणाऱ्यांचा भयंकर राग यायचा. चहा ढोसून, हळहळून ते आपापल्या घरी जायचे आणि इकडे आई आठवडाभर दाराला कडी लावू द्यायची नाही.

नात्यात कुणाचंही लग्न निघालं की आई ती दोन नावं किलबिलमध्ये छापायलाच लावायची. सुरुवातीला लोक डोळे पुसत छापायचे, पुढं तोंड वाकडं करत. आधी मीही त्याच ओळीत असायचे. मग कॉलेजात गेले आणि वर 'स्वागतोत्सुक' मंडळींत जाऊन बसले. ती दोघं खालीच राहिली.

आता पत्रिका माझी होती. बाबांनी नमुना टेबलावर ठेवला. "या बारीला नावं नको," ते म्हणाले. "नवरदेवाकडचे नांदेडचे पाव्हणे इचारतील, ही लेकरं कोणाची? शुभकार्यात काय सांगत बसू?"

"माझी लेकरं अशुभ हायत का?" आई म्हणाली.

बाबा चष्मा काढून पुसू लागले. ते नेहमीच इथं येऊन थांबतात. माझं मात्र डोकं फिरलं. लग्न माझं, आणि त्यातही विषय ताई-दादाचाच!

"छाप, आई," मी म्हटलं, "पण किलबिलमध्ये नको. ताईला आता पोरं असतील. दादाला मिशा असतील. मोठ्यांच्यात टाक की त्यायला! माझी मोठी बहीण मला मावशी म्हणणार का?"

वाटलं, आई चिडेल. ती चिडली नाही. नमुन्यावरून हात फिरवत म्हणाली, "मोठी झालेली मला कुठं ठावं हायत गं? मी त्यायला वळखू तरी कशी?"

शेवटी नावं किलबिलमध्येच छापली.

लग्नाच्या दिवशी लातूरच्या कार्यालयात आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन दाराशी उभी होती. नवरीच्या खोलीच्या खिडकीतून मला ती दिसत होती. बायकांना ती न बघताच कुंकू लावत होती. लहान पोर आलं की मात्र हनुवटीला धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवायची, नीट बघायची आणि सोडून द्यायची. तिशीतला एक उंच माणूस आला, बहुधा नवरदेवाचा मित्र असावा. तो वाकून तिच्या पाया पडला. "सुखी राहा," आई म्हणाली आणि त्याच्या कमरेमागून येणारी पोरं न्याहाळू लागली.

पाव्हण्यारावळ्यांची लाज सोडून तिथूनच मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, अगं वर बघ की, आई!