अखंड पत्रा

त्याला सगळे टकटक म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं, आणि तो कागद शेठच्या कपाटात असायचा. गॅरेजमध्ये गाडी आली की हा आधी बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टकटक करी आणि मान तिरकी करून ऐके. कुठे ठोकर बसली होती, कुठे पुट्टी भरून वर रंग फासलाय, कुठे आतून गंज धरलाय, सगळं त्याला आवाजावरून कळे. सवय अंगात इतकी मुरली होती की कलिंगड असो, दवाखान्याचं दार असो, घरातला रिकामा डबा असो, वाजवून बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"एक दिवस माझं कपाळ वाजवून बघाल," बायको म्हणायची.

"बघितलंय," तो म्हणायचा. "भरीव आहे."

शेठ म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. लग्न झालं त्याच महिन्यात त्याने टकटकला कामावर घेतलं आणि गॅरेजवरच्या दोन खोल्या राहायला दिल्या. उपकारच ते. पण त्या उपकाराला आता एकतीस वर्षं झाली होती. सकाळी जिना उतरला की काम, संध्याकाळी जिना चढला की घर. खालच्या रंगाचा वास भाताला लागायचा. चार माणसांत शेठ त्याला मुद्दाम "जावईबापू" म्हणे, माणसं हसत, आणि त्यांच्याबरोबर टकटकही हसे.

त्याचा हात सगळ्यात चांगला चालायचा तो जोडकामात. एक गाडी पुढून चेपलेली, दुसरी मागून. दोन्ही मधोमध कापायच्या, चांगले अर्धे घ्यायचे, जोडायचे, घासायचे, रंगवायचे आणि एकाच नंबराने विकायचे. घेणाऱ्याला अर्थातच सांगायचं नाही. पहिल्या वेळी टकटक म्हणाला होता, "शेठ, ही पुन्हा कुठे ठोकली तर जोडावरच उघडेल."

"मग नीट जोड," शेठ म्हणाला होता.

त्याने नीट जोडली आणि तिथेच फसला. इतकी नीट जोडली की पुढच्या सगळ्या त्याच्याकडेच आल्या. रस्त्यात आपल्या हातची एखादी गाडी दिसली, मागच्या सीटवर पोरं बसलेली असली, की तो मान वळवून दुकानांच्या पाट्या वाचत उभा राही.

बाईंच्या घरी तो गेला तो काही गाडीसाठी नव्हे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, नजर अधू झालेल्या. त्यांच्या लोखंडी कपाटाचं दार चेपून अडकलं होतं. गॅरेजला निरोप आला तसं शेठने टकटकला पिटाळलं. घर मागच्या गल्लीत होतं. दार काढून ठोकायला मोकळी जागा हवी होती.

"स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत जा," बाई म्हणाल्या. "फक्त आमच्या ह्यांच्या गाडीला धक्का लावू नका."

माणूस जेमतेम आत शिरेल असं एक दार होतं. आत अंधार, धूळ आणि ताडपत्रीखाली एक मोठा गोलसर उंचवटा. टकटकने ताडपत्री उचलली. बाटलीसारखा हिरवा रंग, पोट सुटलेल्या माणसासारखे मडगार्ड, मोठे गोल दिवे. अशी गाडी त्याने लहानपणी पाहिली होती, तीही रस्त्याच्या पलीकडून. चाकांतली हवा गेलेली, आतल्या गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या. त्याचं बोट आपोआप वाकलं.

तो पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत वाजवत गेला आणि दुसऱ्या बाजूने परत आला. सगळीकडे एकच सलग, मोकळा आवाज. पुट्टी नाही, जोड नाही, ठोकर नाही. खाली कडेला थोडा गंज होता, पण तो वरवरचा. कारखान्यातून निघाली तशी अखंड गाडी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. कपाटाचं दार तो साफ विसरला.

"ह्यांचे डोळे गेले आणि चालवणं सुटलं," बाई दारातून म्हणाल्या. "पण विकू देईनात. रोज आत येऊन पुसायचे. सव्वीस वर्षं झाली ती हललेली नाही. आता मीच विचार करतेय, माझ्यामागे हिचं कोण करणार?"

"विकणार असाल तर..." टकटक म्हणाला.

"विकीन. पण अट आहे. करवत लावायची नाही. गेल्या वर्षी एक जण आला होता, कापून नेतो म्हणाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही."

"बाई, एकतीस वर्षं मी कापतोच आहे. हिला नाही कापणार. शब्द देतो."

"आणि बाहेर काढायचं तुमचं तुम्ही बघा हं."

"ते माझ्यावर सोडा."

गाडीच्या समोर शटर होतं. गंजलेलं, पण शटर. रॉकेल मारलं की उघडेल, त्यात काय मोठं? त्याने स्कूटर विकली आणि गाडी घेतली. ती नीट करायची, तिच्यात बायकोला बसवायचं आणि शेठच्या फाटकासमोरून एकदा सावकाश जायचं. पुढे कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पण ज्यात आपण काही लपवलेलं नाही अशी एक तरी गाडी आपल्या हातून रस्त्यावर जावी, एवढं मात्र त्याच्या मनाने घेतलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस तो शटरला रॉकेल आणि ग्रीस चोळत होता. सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन गेला. "जरा बाजूला हो, उजेड डोळ्यांवर येईल," असं तिला बजावून त्याने खालून जोर लावला. शटर किंचाळत वर गेलं.

उजेड आला नाही. समोर विटा होत्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, खालपासून वरपर्यंत. भिंत पलीकडून बांधलेली होती. विटांच्या फटींतून आत आलेलं सिमेंट जिभांसारखं लोंबत वाळून गेलं होतं.

बायकोने सिमेंटच्या एका जिभेला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी घेतलीत की खोली?"

बाई आल्या. "ती भिंत ना? पुढची जागा माझ्या मुलाने दुकानाला विकली तेव्हाची. तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, सगळं गाव त्या दुकानातून वह्या घेतं!"

टकटक स्वतः तिथूनच खडू घेई, पत्र्यावर खुणा करायला. दुकान मोठ्या रस्त्यावर, बाईंचं घर मागच्या गल्लीत. दोन्हींची पाठ एकमेकांना लागली असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. गाडीचा इंच अन् इंच त्याने वाजवला होता. पण शटर वाजवून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

दुकानातल्या वहीवाल्याने त्याचं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या भिंतीमागे गाडी आहे म्हणता? सोळा वर्षं मी इथे बसतोय, मला कुणी सांगितलं नाही. बाईंच्या मुलाला जागा परत हवी असेल तर सरळ बोला म्हणावं. गाडीबिडी काढू नका मध्ये."

"येऊन बघा ना एकदा."

"दुकान टाकून? खडू हवा असेल तर सांगा."

शेठ मात्र इतका हसला की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "अहो जावईबापू, गेल्या वर्षी मीच गेलो होतो! म्हातारी ऐकेना. कपाटाचा निरोप आला तेव्हाच म्हटलं, यांना पाठवावं, यांचा चेहरा गरीब आहे. आता गाडी तुमची. कापा, तुकडे करून त्या दारातून आणा आणि इथे जोडा. गिऱ्हाईक तयार आहे."

"मी शब्द दिलाय."

"म्हातारीला दिसतंय कुठे? आणि तुमचा जोड डोळसांना तरी कुठे सापडतो?" मग हसू आवरून तो म्हणाला, "एक तारखेला गिऱ्हाईक येणार आहे. नाही जमलं तर वरच्या खोल्या मला हव्याच आहेत, रंगाचे डबे ठेवायला."

बायकोने हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकलं. "दादा असं म्हणाला?" एवढंच तिने विचारलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं हे नेहमीचंच आहे. लग्न ठरवायला आलात तेव्हाही माझ्याकडेच बघत बसलात. दादाकडे बघितलंच नाहीत."

महिना संपत आला. शेवटच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी टकटक पिशवीत कटर घालून बाईंकडे गेला. बायकोला काही सांगितलं नाही. कुठे कापायचं ते त्याला शोधावंही लागलं नाही. छपरावरून, मागच्या दाराच्या कडेने, खाली तळाच्या पत्र्यापर्यंत त्याने खडूने पहिली रेघ ओढली. हात जराही हलला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तो कटरची वायर सोडवत असतानाच बाई चहा घेऊन आल्या.

कप ठेवून त्या नेहमीसारख्या गाडीवर हात टेकवत टेकवत फेरी मारू लागल्या. नीट दिसत नसल्यामुळे त्या रोज गाडीच्याच आधाराने खोलीत चालायच्या. मागच्या दाराशी त्यांचा हात थांबला. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"इथे काय आहे हो?"

"धूळ आहे बाई."

"तेहेतीस वर्षं फळ्यासमोर काढलीत मी," बाई म्हणाल्या. "धूळ कुठली आणि खडू कुठला, ते मला नका शिकवू."

रुमाल काढून त्यांनी हाताला लागली तेवढी रेघ पुसली. वर छपरापर्यंत त्यांचा हात पोचेना. टकटक उभा होता. मग त्याने त्यांच्या हातातून रुमाल घेतला आणि उरलेली रेघ स्वतः पुसली. चहा गार झाला होता. तो त्याने एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कटर शेठच्या टेबलावर ठेवलं.

"झाली कापून?"

"नाही."

"मग एक तारखेला..."

"एक तारखेला खोल्या रिकाम्या होतील. आणि जोडकाम आता माझ्याकडून होणार नाही. ती गाडी नाही आणि दुसरीही नाही."

मागे ठोकाठोक थांबली होती. शेठने एकदा सगळीकडे पाहिलं. आज कुणी हसलं नाही. "जावईबापू, वय किती झालं? कोण घेणार तुम्हाला?"

"बहुतेक कुणी नाही," टकटक म्हणाला. याहून बरं उत्तर त्याने रात्रभर शोधलं होतं, पण ते त्याला मिळालं नव्हतं.

राहायला जागा मिळाली ती बायकोच्या मैत्रिणीकडची मागची एक खोली. तिची खिडकी उघडायची ती शेजारच्या भिंतीकडे, दीड हातावर. हात बाहेर काढला की विटा लागत. टकटक आता घरोघरी जाऊन कपाटांची दारं, पाण्याच्या टाक्या, चेपलेल्या पेट्या ठोकून द्यायचा. काम रोज असायचंच असं नाही. "आता गाडी आत आणि आपण बाहेर," बायको म्हणायची, पण हसायची नाही. उरलेल्या वेळात तो बाईंच्या त्या खोलीत असे. गंज घासला, कडा सरळ केल्या, दिव्यांच्या वाट्या चकचकीत केल्या. इंजिन हा त्याचा प्रांत नव्हता, त्याला त्याने हात लावला नाही. संध्याकाळी निघताना शटर खाली ओढून घेई, विटा दिसू नयेत म्हणून.

एका दुपारी त्याने कुणाकडून तरी बॅटरी मागून आणली आणि तारा जोडल्या. बायको पुढच्या सीटवर बसली होती. मागे बाई, मांडीवर हात ठेवून. त्याने शटर वर केलं, येऊन स्टिअरिंगसमोर बसला आणि बटण ओढलं. दोन पिवळे गोल समोरच्या विटांवर पडले.

"लागले का?" बाईंनी विचारलं.

"लागले."

"मग चला की," बायको म्हणाली. "कुठे नेताय?"

त्याने हॉर्नवर हात टेकला. सव्वीस वर्षं गप्प बसलेला हॉर्न आधी खाकरला आणि मग असा ओरडला की बाईंनी कान झाकले. पलीकडे धाडदिशी काहीतरी पडलं, फळीवरच्या वह्यांचा गठ्ठा असावा. मग भिंतीवर कुणीतरी बुक्की मारली.

"कोण आहे तिकडे?" आवाज विटांतून आल्यासारखा बारीक येत होता. वहीवाल्याचाच होता. "अहो, कोण आहे? खरंच गाडी आहे का तिथे?"

टकटक खाली उतरला. उजेडात उभा राहून त्याने बोटाचं पेर वाकवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती भिंत वाजवली. मान तिरकी केली. पुन्हा वाजवली.

"काय म्हणते?" बायकोने आतून विचारलं.

"अर्ध्या विटेची, पातळ आहे," तो म्हणाला. "पोकळ वाजतेय."

तो कडेकडेने वाजवत पुढे सरकू लागला. पलीकडून ठोकणारा हातही त्याच्याबरोबर सरकत होता, थांबला की थांबत होता. बायको सरकून त्याच्या जागेवर बसली आणि तिने पुन्हा हॉर्न दाबला.