कागदावरचं बारमाही पाणी

आमच्या ऑफिसात मी नकाशे काढायला होते. पद ट्रेसरचं. म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेली रेघ आपण गिरवायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. माझं डोकं तेव्हा नको तितकं चालायचं. मोठ्या दुष्काळाला दोन-तीन पावसाळे उलटून गेले होते, तरी सोलापुरात नळाला दिवसाआड पाणी यायचं. अशात आमचे साहेब कुठल्याशा शहरात नौकाविहार करून आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं. शहर उद्या सीनेपर्यंत वाढणार, तेव्हा नदीकाठी करमणुकीची जागा हवी. बंधारा, घाट, बाग, होड्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि साहेबांची पाठ वळताच हसले. "प्यायला न्हाय आन् पवायला हाय," आमचा शिपाई म्हणाला. मी मात्र हसले नाही. मला ते ऐकल्याक्षणीच पटलं होतं.

खरं सांगायचं तर मी तोवर होडीत कधी बसलेही नव्हते. दोन खोल्यांचं आमचं घर, दोन्हीकडे शेजाऱ्यांचे माग, दिवसभर खटखट. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला पाण्यावरची शांतता कशी असेल याचं वेड लागलं तर नवल काय?

नकाशाचा एक नियम असतो. उन्हाळ्यात आटणारी नदी तुटक रेघेनं दाखवायची, बारमाही पाण्यात सलग निळा रंग भरायचा. आमची सीना तुटक रेघेची. पण बंधारा झाला की पाणी साठणार, म्हणून प्रस्तावाच्या कागदावर तिला सलग निळा लावायचा होता. मी तो रंग चार दिवस भरत होते. एक हात सुकू द्यायचा, मग दुसरा. काठाशी फिकट, मधोमध गडद. दुपारी पंखा बंद पडायचा, खिडकीतून ऊन यायचं आणि कुंचला हातात धरून मी खुशाल त्या पाण्यात उतरायची. घाटाच्या पायऱ्या, गुलमोहराची रांग, काठावर भेळ खाणारी माणसं, संध्याकाळी गिरणी सुटल्यावर पोराबाळांना घेऊन आलेली कुटुंबं. कुणीच बोलत नाही, नुसतं वल्ह्याचं पाणी वाजतंय. असं बघता बघता पाच वाजायचे.

भाद्रपदात साहेबांनी जागा बघायला जीप काढली आणि नकाशा धरायला मलाही नेलं. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. ओव्हरसियर मोजायची फीत घेऊन काठावर फिरत होता, साहेब सिगारेट ओढत "इथं घाट, इथं घाट" म्हणत होते. तेवढ्यात काठाच्या भोई वस्तीतली एक बाई होडी घेऊन आली. चाळिशीची, उंच, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं. नवरा गेल्यापासून पावसाळ्याचे महिने पलीकडच्या रानात माणसं पोचवायचं काम तीच करत होती.

"बसताय का बाई?" तिनं मला विचारलं.

मी साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. बसले. पाण्याच्या मध्यावर पोचलो आणि मागांची ती खटखट, जी मला झोपेतही ऐकू यायची, ती पहिल्यांदा थांबली. मला रडूच आलं. बाई वल्हं मारत राहिली. परतताना मी तिला मांडीवरचा कागद उलगडून दाखवला.

"ही तुमची नदी, मावशी."

ती वाकून बघत राहिली. "एवढं पाणी कवाचं हाय?"

"बाराही महिन्यांचं."

"उनाळ्यात बी?"

"उन्हाळ्यातसुद्धा. माणसं होडीत बसायला येतील."

"मग होडी मीच चालवीन की!"

"तुम्हीच. दुसरं कोण?" मी म्हणाले. मला कुणी विचारलं होतं? ट्रेसर मी, पण त्या दिवशी साहेबांच्या वरची साहेब झाले होते. ऑफिसात परतल्यावर त्या निळ्या रंगात मी एक इवलीशी होडी काढली आणि तिच्यात हिरव्या लुगड्याची बाई बसवली.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइलवर एका ओळीत शेरा मारला की तूर्त विचार नाही. नकाशा गुंडाळून मी कपाटावर ठेवला आणि आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. माझं स्वप्न गेलं, माझं पाणी गेलं, असं सगळं माझंच. नदीवर निरोप द्यायला हवा, हे मला सुचलंही नाही.

चैत्रात एका रविवारी कलिंगडं आणायच्या निमित्तानं मी एस.टी.नं तिकडं गेले. नदी आटली की भोई लोक पात्रातल्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून कलिंगडाच्या वाड्या लावतात. सगळं पात्र हिरवंगार होतं, वेलांखाली फळं लोळत होती. मधला एक तुकडा तेवढा कोरडा ठणठणीत. त्याच्या कडेला बाभळीखाली होडी पालथी घातलेली, ताज्या डांबरानं चकचकीत. बाई शेजारच्या वाडीत दुसऱ्याच्या वेलांना पाणी घालत होती. मला बघून हातातली घागर ठेवून आली.

"आला का बाई! पानी कवा सोडणार?"

"हा तुकडा मोकळा कसा?" मी उलट विचारलं. मग कळलं ते असं. पाणी ओसरलं की देवदिवाळीला वस्ती वाळूच्या जागा वाटून घेते. प्रत्येक घरानं आपली एक खूण टोपलीत टाकायची, कुणी सुपारी, कुणी बटण, कुणी बांगडीचा तुकडा, आणि मग एकेक उचलून त्या क्रमानं जागा ठरवायची, चांगली वाळू आधी, खडकाळ शेवटी. यंदा हिनं खूणच टाकली नव्हती, म्हणून तिच्या वाट्याचा तुकडा तसाच पडून होता. सगळं पात्र निळं झालेलं तिनं माझ्या कागदावर बघितलं होतं, आणि वस्तीनं हसण्यावारी नेलं तरी तिनं ते खरं मानलं होतं. पाणी राहणार म्हटल्यावर वाळूत बी घालायचं कशाला? तिनं त्याऐवजी होडी डागडुजी करून घेतली.

"पाणी येणार नाही, मावशी," मी म्हणाले. "ते रद्द झालं. दिवाळीतच."

तिनं मोकळ्या वाळूकडे बघितलं.

"दिवाळीत? देवदिवाळीच्या आदी?"

"हो."

"मग येऊन सांगायचं की वो. खूण टाकली असती मी."

चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला बाभळीच्या सावलीत बसवलं, मालकिणीला विचारून एक कलिंगड फोडलं, त्यातला मधला लाल भाग माझ्या हातात दिला. तो मी तसाच हातात धरून बसले. मी नुसतं "चुकलं माझं" म्हणत राहिले.

"तुमी रंगवलं, मी बघितलं. दोगींचं बी चुकलं," ती म्हणाली. "आता एक करा. खुना उचलायला परक्या मानसाचा हात लागतुया, वस्तीतला चालत न्हाय. औंदा तुमी या. मी सांगून ठेवते समद्यास्नी."

मी येते म्हणाले. अगदी हातावर हात ठेवून म्हणाले.

त्या साली देवदिवाळी रविवारी आली. मी सकाळी न्हाऊन, चांगली साडी नेसून स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. माझ्या हाताला तिची खूण शेवटी लागली आणि खडकाळ तुकडा तिच्या वाट्याला आला तर? पुन्हा माझ्याच हातानं? त्या भीतीनं पायरीवर पाय ठेवूनही मला वर चढवेना. कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या. गाडी गेली आणि मी घरी आले.

आधी पाण्यासाठी आणि मग माझ्यासाठी, त्या बाईला मी दोनदा वाट बघत ठेवलं.