झेंडू वाहिलेली गिटार

शाळा सोडून परभणीहून आलेल्या मला आकुर्डीत कामाला लावलं ते शेजारच्या फिटरकाकांनी. नुसता पाना पायाला लागला तरी ते तो उचलून कपाळाला लावत. मैदानावरच्या रॉकच्या जलशालाही त्यांनीच नेलं. शेवटच्या गाण्यात वाजवणाऱ्यानं आपलीच गिटार स्टेजवर आपटून फोडली. मी हादरलोच. पोरं शिट्ट्या मारत होती आणि काका थेट वर चढले.

"आरं, तुझं हत्यार हाय ते!"

आता काकांना मारतात, असंच मला वाटलं. पण त्या केसाळ गड्यानं वाकून तुकडे गोळा केले आणि काकांच्या हाती दिले.

खंडेनवमीला काकांच्या पाने-कानशींशेजारी सरसानं जोडलेली ती गिटार होती, झेंडू वाहिलेली. तिला तारा लावून एक दिवस मी काकांपुढे वाजवीन.