रेघ नसलेली चौकट

शेणवे गावच्या सूरजला २००४ साल कसं गेलं विचारलं, तर म्हणेल, चौकटी बघण्यात. ठाण्याच्या एका छोट्या कंपनीत तो सॉफ्टवेअर लिहायचा. सातबाऱ्याच्या जुन्या चौकटींतल्या नोंदी प्रोग्राममध्ये एका बाजूने घालायच्या, दुसऱ्या बाजूने नव्या चौकटींत काढायच्या. अकरा महिने हेच. घरी यायचा तो नुसता अंगाने.

शेवटी साहेब म्हणाले, "जुन्यातलं सगळं नव्यात आलंय, अशी सही कर." सूरजचा हात होईना. कुठली चौकट कुठे गेली, हे अकरा महिन्यांत कुणी बघितलंच नव्हतं!

तेव्हा त्याला आई आठवली. रंगूबाई भाताच्या आवणीला ज्या राबावरची, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यावरची, रोपं खाचरात लावी, त्या राबाजवळच्या झाडाची डहाळी खाचराच्या कोपऱ्यात खोवी. इथे ऐन, तिथे साग. भात पिवळं पडलं की डहाळी बघायची, कुठल्या राबाचं रोप ते लगेच कळे.

सूरजने मोठा कागद घेतला. डावीकडे जुन्या चौकटी, उजवीकडे नव्या, मधे रंगीत रेघा. डावीकडची एकच चौकट रेघेवाचून उरली: 'इतर अधिकार'.

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव तिथे असतं. डोळखांबच्या कोंडूमामाचं, आईच्या सख्ख्या भावाचं, नाव कागदोपत्री तेवढ्याच जागी होतं. सही झाली की ते कुठेच उरणार नव्हतं.

चौकट गाळणारा नियम प्रोग्राममध्ये कुणी लिहिला, ते त्याने शोधलं. त्यानेच. नमुना म्हणून घरचा सातबारा घेतला होता. पिढ्यानपिढ्या मालकीची जमीन, म्हणून ती चौकट कोरी. कोरी म्हणजे नकोच, असं या शहाण्याने ठरवलं होतं.

"एवढ्याशा चौकटीसाठी अडून बसतोस?" साहेब करवादले. "मग सगळं पहिल्यापासून तपासत बस."

घरी त्याने आईपुढे कागद पसरला, ती चौकट दाखवून मामाचं नाव गळाल्याचं सांगितलं.

"कोंडूचं नाव कोनी काढलं रे?"

"मी, आये."

रंगूबाई रेघांवरून बोट फिरवत राहिली. "मंग लाव की परत. रोप कुजलं तर आमी दुसऱ्यांदा आवणी करतो का नाय? कंबर दुखते म्हून खाचर सोडतो काय?"

सूरजला रडू आलं. थकव्याचं की लाजेचं, त्याचं त्यालाच कळेना.

सकाळी ऑफिसात कागद उलगडला, तर त्या चौकटीत भोक पाडून आईने ऐनाची डहाळी खोवली होती. सही करणार नाही, असं साहेबांना सांगून तो पहिल्या चौकटीपासून पुन्हा बसला.