खाटेशी दिलेला चार्ज

दूध उतू जायच्या बेतात, नवऱ्याचा दुसरा मोजा सापडत नाही, आणि तेवढ्यात दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर, रोजच्यापेक्षा लवकर.

"चार्ज द्यायला आलेय. परवा लेकीकडे निघाले, कायमची."

सुनेने आधी गॅस बंद केला. चार्ज हा शब्द घरात काही परका नव्हता. फोन चार्जला लागायचा, नळवाला नुसतं बघून जाण्याचा चार्ज लावायचा, बातम्यांत रोज कुणावर तरी चार्ज ठेवलेला. पण सिस्टरांचा चार्ज जोखमीचा होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पडून पडून पाठीला जखम झालेली, आणि ती बांधायला सिस्टरांशिवाय कुणाचा हात त्यांना चालत नसे. सुनेने एकदा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "अगं, पाठ आहे ती, परात नव्हे!"

सिस्टरांनी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली. ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या नर्सच्या हाती सोपवायचे, तो चार्ज बाकीच्या जणी टेबलाशीच उरकत. या मात्र प्रत्येक खाटेशी जायच्या. "आत्तापर्यंत मी होते, आता या आहेत. काय दुखतंय ते यांना सांगा," असं पेशंटसमोरच बोलायच्या. घरची बस चुकायची. "निघाली बाईंची स्वारी!" म्हणून बरोबरीच्या टोमणे मारायच्या. दुसऱ्या दिवशी यांचं पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"इथेच सांगा ना, हळूच," सून कुजबुजली. "त्यांनी ऐकलं तर घर डोक्यावर घेतील."

"पाठ कुणाची?" म्हणत सिस्टर थेट आतल्या खोलीत गेल्या.

"आजी, मी चालले. आता तुमचा चार्ज सूनबाईंकडे."

"हिच्याकडे? हिचा हात म्हणजे दगड!"

"मग कसा हवा ते सांगा की तिला. मलाही तुम्हीच शिव्या घालून शिकवलंत."

सासूबाई आपणहून भिंतीकडे कुशीवर वळल्या. सिस्टर हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, पट्टीला बोटही लावलं नाही. सुनेने पट्टीवर सलाईनचं पाणी सोडलं.

"थांब, कडेला चिकटलंय. अजून ओली कर… हां, आता ओढ."

सासूबाई सांगत गेल्या, सून करत गेली. नवी पट्टी बसली तेव्हा सून घामाघूम झाली होती.

"जमेल हिला," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "नखं तेवढी कापायला सांगा."

निघताना सिस्टर दारात थांबल्या.

"सूनबाई, एकच मागणं आहे. मी फोन करीन तेव्हा जखम कशी आहे ते तुम्ही सांगू नका. फोन आजींकडे द्या."