वंदना सरळ चालायची

वंदना गेल्याचं तिच्या मुलीने, प्राचीने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाठ परत आली होती का?" प्राची म्हणाली, "नाही मावशी. सकाळी अंगणात भांडी घासताना चक्कर आली... डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले." म्हणजे शेवटपर्यंत ती सरळच चालत होती. आधी हे मनात आलं, रडू नंतर आलं. महिना होत आला, अजून त्याची लाज वाटते.

आमची ओळख मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलातली, शेजारशेजारच्या खाटांवरची. मी अंबरनाथची, आनंदनगरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. वंदना वांगणीची, घरची भातशेती, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दोघींच्या कमरेच्या हाडात गाठ निघाली होती, एकाच जातीची. "कॅन्सर नाही, साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले होते, "पण हाड पोखरते. काढावीच लागेल." मी वर्षभर दुखणं अंगावर काढलं होतं, तेल चोळलं, पट्टा बांधला. तोवर गाठ खुब्याच्या वाटीपर्यंत पोचली. वंदनाला तर दुखतही नव्हतं. स्कूटीवरून पडली म्हणून एक्स-रे काढला, त्यात दिसली. तिची गाठ वर, हाडाच्या पसरट भागात. ती खरवडून काढली आणि पोकळीत तिच्याच कमरेच्या दुसऱ्या बाजूचं थोडं हाड काढून भरलं. माझा वाटीसकट हाडाचा तुकडाच काढावा लागला. चार महिन्यांनी ती शेताच्या बांधावरून चालायला लागली, आणि माझा डावा पाय आखूड झाला तो झालाच.

तपासणीला आम्ही एकाच दिवशी जायचो. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात ती भराभर पुढे जायची, मग लक्षात आलं की थांबायची. तिच्या चालण्यापेक्षा ते थांबणं मला जास्त टोचायचं. घरी माझी जाऊ म्हणायची, "ती वांगणीची बघा, कशी चालते. तुम्ही व्यायामच करत नाही." घरी ये म्हणून वंदना दर वेळी आग्रह करायची. मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचे. तिला तिच्या घरात फिरताना बघायचं नव्हतं मला.

दोन वर्षांनी एका तपासणीला डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "थोडी परत आलीये. पुन्हा उघडावं लागेल." वंदनाने माझा हात घट्ट धरला. आणि मला... बरं वाटलं. आता हिलाही कळेल, असं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर तिला बघायला गेले तेही किती कापलंय ते बघायलाच. ती मला बघून उठायला लागली. "अलकाताई, सुरुवातीला तू कशी उठायचीस गं? मला जमत नाहीये. शिकव ना." मी शिकवलं. कुशीवर कसं वळायचं, कोपरावर भार कसा घ्यायचा. तीन महिन्यांत ती पुन्हा पहिल्यासारखी चालायला लागली. मी माझी तपासणीची तारीख बदलून घेतली. तिचे फोन येत राहिले, मी त्रोटक बोलत राहिले.

परवा पहिल्यांदा तिच्या घरी गेले. बायका चटईवर बसल्या होत्या. मला खाली बसता येत नाही, म्हणून मी दारातच उभी राहिले. प्राची आतून एक लाकडी खुर्ची घेऊन आली. नेहमीच्या खुर्चीपेक्षा बरीच उंच, दणकट हातांची.

"आईने सुताराकडून करून घेतली होती तुमच्यासाठी. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच. घरात कोणाला बसू द्यायची नाही."

"माप कुठून घेतलं तिने?"

"ओपीडीत तुम्ही ज्या उंच बाकावर बसायचात ना, तो तिने वितीने मोजला होता. तुम्ही एक्स-रेला आत गेला होतात तेव्हा."

मी बसले. कुठे कळ आली नाही. वंदनाच्या सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर झाली का गं? तिला सारखी शंका होती, कमी पडेल म्हणून."

"बरोबर झाली," मी म्हटलं. आणि तेव्हाही मला तिचा हेवाच वाटत होता, फक्त या वेळी चालण्याचा नाही.