वीज आली आणि चित्रकलेचा तास गेला

सोनावणे सरांवर अन्याय झाला. तो गेल्या जूनमध्ये झाला, कॉलेज उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, भर दुपारी, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाच्या दारात. हे मी आधीच लिहून टाकते, कारण माणूस गेला की लेखात पहिल्यांदा त्याचं हसणं येतं, मग त्याचा साधेपणा येतो, आणि अन्याय शेवटी कुठेतरी 'काही कटू प्रसंग' होऊन कोपऱ्यात बसतो. सरांचा वर्ग बंद केला. त्यांना न सांगता बंद केला. तो परत सुरू झाला पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख आहे. बाकीचं लिहिते आहे ते लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

सर मार्चमध्ये गेले. त्यांच्या वर्गात माझ्याबरोबर बसणाऱ्या नसरीनचा मेसेज आला तेव्हा मी प्रांत कचेरीसमोरच्या भिंतीवर पोस्टर चिकटवत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने भरलेले. 'सोनावणे सर नहीं रहे. उनके घर आ जा.' फोनच्या बटणांना खळ लागली, उत्तर लिहिताच येईना. बरोबरच्या पोरांनी विचारलं, कोण होते? मी म्हटलं, माझे चित्रकलेचे सर. तर एक जण म्हणाला, "तू तर बी. कॉम. ना?" हो, मी बी. कॉम. नसरीन बी. एस्सी., आणि वळ गावचा प्रशांत भोईर माझ्याच वर्गात, त्याच्या वडिलांची जमीन गोडाऊनवाल्यांकडे गेलेली आणि त्याला पुढे ट्रान्सपोर्टच टाकायचं होतं. आमच्यातलं कोणीही चित्रकार होणार नव्हतं, आणि तो वर्ग बरोबर अशाच मुलांसाठी होता. कॉलेजच्या माहितीपत्रकात त्याचं नाव होतं 'चित्रकला परिचय'. परीक्षा नाही, मार्क नाहीत. शिकवायला सोनावणे सर, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरते तुम्ही शिक्षक, आणि सुट्टी लागली की कोणीच नाही.

त्या वर्गाची वेळ ठरायची कशी, हे भिवंडीबाहेरच्या कुणाला सांगितलं तर त्याला गंमत वाटेल. लोडशेडिंग होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी तासन् तास लाईट नाही, पंखे बंद, अंधारलेले वर्ग, आणि त्या वेळेत शिकवायला एकही प्राध्यापक तयार नसायचा. म्हणून ती वेळ सरांना मिळाली. लाईट जाण्याचं वेळापत्रक बदललं की सर नोटीस बोर्डावर खडूने लिहायचे, 'या आठवड्यात लाईट जाईल तेव्हा चित्रकला.' आणि लाईट गेली की आधी सगळ्या गावाची लूमची खटखट थांबायची. आम्ही त्या आवाजातच जन्मलेले, तो चालू असताना आम्हाला कधी ऐकूच यायचा नाही, थांबला की मात्र कान उघडे पडल्यासारखे व्हायचे... मग खालून कारीगरांच्या चहाच्या ग्लासांचा आवाज, आणि वर्गात कागदावर चालणाऱ्या पेन्सिली. सरांना त्या अंधाराची तक्रार नव्हती. वर्गाला एकच मोठी खिडकी. ते म्हणायचे, "ट्यूबलाईट सगळ्यांना सारखं पांढरं करते रे. खिडकी एका बाजूने उजेड देते आणि दुसरी बाजू काळी ठेवते. वस्तू तेव्हा कुठे गोल दिसते."

मी त्या वर्गात गेले ती पोस्टरसाठी. विद्यार्थी संघटनेत नवी होते आणि मला मूठ काढायला शिकायची होती, वर केलेली, आवळलेली. पहिल्याच दिवशी मोठी मूठ काढून सरांपुढे धरली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कोणाची आहे?"

"कोणाची म्हणजे? जनतेची."

"अगं, पण जनतेने अंगठा आत घातलाय. असा ठोसा मारला ना, तर समोरच्याला काही होणार नाही, जनतेचाच अंगठा मोडेल."

प्रशांत बाकावरून पडायचा बाकी राहिला. सरांनी मला माझाच डावा हात आवळून समोर धरायला लावला आणि उजव्याने काढायला. तासाभरात हात भरून आला, आणि कागदावर जे उमटलं ते पोस्टरसारखं अजिबात दिसत नव्हतं. ते माझ्या आत्याच्या हातासारखं दिसत होतं. त्या दिवसापासून मी त्यांची 'घोषणाबाई'. "आल्या का घोषणाबाई? बसा. आज घोषणा नाही, आज कांदा."

घरून एक वस्तू आणायची, असा नियम होता. कुणी बॉबिन आणायचं, कुणी अडकित्ता. प्रशांतने एकदा वळच्या खाडीवरून एक जिवंत निवटी आणली, पाण्याच्या भांड्यात. चिखलातली ती मासळी, ती काय पोज देऊन बसणार? टुणकन उडी मारून बाकाखाली.

"सर, ही बसत न्हाय वो!"

"मग पटकन काढ ना. ती काय तुझी नोकर हाय?" सरही त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलायचे. त्या तासाला सगळा वर्ग जमिनीवर, गुडघ्यांवर, एका माशामागे कागद घेऊन रांगत होता. पण नियमाची दुसरी बाजू कडक होती. समोर नाही ते काढायचं नाही. डोंगरामागून उगवणारा सूर्य कुणी काढला की सर शांतपणे खिडकी दाखवायचे. "कुठाय डोंगर? मला गोडाऊन दिसतंय. गोडाऊन काढ."

एका तासाची मात्र मला अजून नीट आठवण आहे. सावली कशी भरायची ते शिकवत होते. आधी उभ्या रेषा मारायच्या, त्यांच्यावरून आडव्या, जाळी दाट होत जाते तशी सावली गडद होते. सोपं काम. सगळ्यांनी दहा मिनिटांत वाटी काळी केली. नसरीनची सावली टपाल तिकिटाएवढीही झाली नव्हती. तिच्या घराखालीच लूम, कापडाच्या शेजारी वाढलेली मुलगी. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ती आडवी रेष काढताना दर दुसऱ्या उभ्या रेषेपाशी पेन्सिल उचलत होती. एका रेषेवरून पुढे जायचं, दुसरीपाशी थांबायचं, उचलायचं, पलीकडे परत टेकायचं.

"नसरीन, ये क्या कर रही है?"

"सर, धागा एक के ऊपर से, एक के नीचे से जाएगा ना. नहीं तो खुल जाएगा."

"सर, तिला सांगा," प्रशांत मागून ओरडला, "सावली नेसायची न्हाय!"

वर्ग हसला. नसरीन लाल झाली आणि रबर शोधायला लागली. सरांनी तिचा हात धरला, रबर काढून घेतलं. कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला, मग बाकावर येऊन बसले आणि स्वतः तशी रेष काढून पाहिली. चुकले. परत काढली. चित्रकलेची पदविका घेतलेला, केस पांढरे झालेला माणूस, एका मुलीच्या चुकीमागे लाईट येईपर्यंत बसला होता. लाईट आली, खटखट सुरू झाली, आणि सर म्हणाले, "इतकी वर्षं मी सावली नुसती अंगावर टाकत होतो. हिने विणली." पुढच्या वर्षीच्या मुलांना ते दोन्ही पद्धती शिकवायला लागले.

मग वीज सुधारली. ती सुधारावी म्हणून मोर्चे काढणाऱ्यांत मीही होते, पत्रकं वाटणाऱ्यांतही, आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. वीज हा उपकार नाही, हक्क आहे. पण वीज आली म्हणून माणूस हाकलायचा, हा कुठला हिशेब? त्या सोमवारी सर कार्डपेपरची गुंडाळी काखेत घेऊन वर आले. दार उघडं होतं, पंखे गरगर फिरत होते आणि आत कॉम्प्युटर अकाउंटिंगची बॅच बसली होती, फी भरून आलेली. ड्रॉइंग बोर्ड जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी. शिपाई मामा एवढंच म्हणाले, "सर, तुम्हाला कोणी सांगितलं न्हाय?" सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य त्यांना जे बोलले ते सरांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं, नक्कल न करता, राग न आणता. "सोनावणे, तुम्हाला ती वेळ दिली होती कारण ती कुणाला नको होती. आता ती वेळ चांगली झालीय."

ती वेळ चांगली कुणी केली होती, हे त्यांना विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मी तेव्हा पास होऊन बाहेर पडले होते. कळल्यावर धावत सरांच्या घरी गेले, म्हटलं पत्रक काढते, नाव घेऊन काढते. सर म्हणाले, "काढ. पण माझं नाव नको, वर्गाचं टाक. माझ्या नावाचं काढलंस तर ते मला दुसऱ्या कुठल्या तरी विषयाचा एक तास देऊन गप्प करतील, आणि वर्ग बंदच राहील." आम्ही पत्रक काढलं. व्यवस्थापनाने उत्तर दिलं की विद्यार्थ्यांकडून या विषयाला मागणी नाही.

वर्ग गेला म्हणून सर गेले, असं मी लिहिणार नाही. पत्रकात लिहिलं असतं, मोठ्या टाइपात. पण मी ते पाहिलेलं नाही, आणि डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मी पाहिलं ते एवढंच. थंडीत त्यांच्याकडे गेले होते. सर खिडकीत बसून ब्लेडने पेन्सिली तासत होते, एक झाली की दुसरी, वर्गाला पुरतील एवढ्या. शेजारी पेपर उघडा होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा देता देता म्हणाल्या, "विचार की त्यांना, पेपरात रोज काय शोधतात ते." सर जरा ओशाळले. मग म्हणाले, "शहापूर, वाडा... तिकडे अजून दुपारची जाते गं लाईट. तिथल्या कॉलेजांत विचारून बघू का? जिथे लाईट जाते तिथेच मला जागा मिळते."

मी हसले नाही. दुसरं ब्लेड घेतलं आणि मीही पेन्सिली तासायला बसले.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली, सगळ्या ट्यूबलाईट लावून. भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरचा मोठा केलेला, इतका ताणलेला की नुसते ठिपके. प्राचार्य म्हणाले, हसतमुख व्यक्तिमत्त्व. सभा संपल्यावर नसरीन, प्रशांत आणि मी पायऱ्यांवर बसलो. काकूंना एक नीट चित्र करून द्यावं, असं नसरीनच्या मनात होतं. तिने कागद वाटले. आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो. कपाळ आलं, चष्मा आला, पुढे काहीच येईना. नसरीन म्हणाली, "सर का कान कैसा था? यार, मैंने कभी देखा ही नहीं." प्रशांतने कागद उलटा केला आणि गुडघ्यावर डोकं टेकलं. वळचा धिप्पाड गडी, खांदे हलत होते. "समोर न्हायत ना," तो म्हणाला, "मग कसं काढू?"

एवढी वर्षं त्यांनी शेकडो मुलांना समोरच्याकडे बघायला शिकवलं, आणि ते स्वतः कायम आमच्या मागे उभे असायचे. त्यांच्याकडे बघायचं राहिलं. आता मी मीटिंगमध्ये लोकांचे कान बघत बसते. कोण काय बोललं ते निसटतं कधी कधी, कान निसटत नाही.

व्यवस्थापन म्हणतं मागणी नाही. ठीक आहे. येत्या जूनमध्ये कॉलेज उघडेल त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेटवर उभे असू. आमची मागणी एकच आहे: तो वर्ग, ती खिडकी, आठवड्यातला एक तास, आणि शिकवायला एक पूर्णवेळ नेमलेला शिक्षक, उरलेल्या वेळेत कोंबलेला नव्हे. पण तिघांची मागणी ही मागणी नसते, हे मी रस्त्यावर शिकले आहे. म्हणून तुम्ही यायचं आहे. तुम्ही त्या वर्गात बसला असाल तर या, नसाल तरी या. फक्त सही करायला येऊ नका, सह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. हा पेपर खाली ठेवा. आत्ता तुमच्या समोर जे माणूस बसलं असेल, आई, सासरे, शेजारीण, कुणीही, त्याला म्हणा जरा बस. आणि बघून काढा. ते समोर आहे तोवर काढा. वाकडं आलं तरी आणा, अर्धं राहिलं तरी आणा. कोरा कागद घेऊन येऊ नका.